भिंतीचा पोपडा न काढता स्कर्टिंगची पट्टी कशी काढायची

नाशिकच्या पावसाळ्यात एमडीएफची (लाकडाचे तंतू दाबून केलेल्या फळीची) स्कर्टिंग, म्हणजे भिंतीच्या तळाशी लावलेली पट्टी, खालून फुगते आणि मग ती ओढून काढली की भिंतीची पुट्टी सोबत येते, रंगाचा खर्च वेगळाच. फुगलेला तेवढाच तुकडा काढायचा तर असं करा.

१. पट्टी आणि भिंतीच्या मधल्या रंगाच्या रेषेवर कटर दोन-तीनदा फिरवा. हे टाळलं की पोपडा निघालाच म्हणून समजा, सगळा खेळ इथेच आहे.

२. कोपऱ्यातून नाहीतर जोडावरून सुरू करा, पुट्टी लावायची पातळ पत्री हातोडीने हळूच आत सरकवा, जरा फट झाली की भिंतीच्या बाजूला प्लायचा तुकडा ठेवून मगच पटाशी घाला, म्हणजे जोर भिंतीवर न येता प्लायवर येतो. एकाच जागी ताकद लावू नका, वीतभर पुढे सरकत जा.

३. पट्टी परत लावायची असेल तर खिळे मागच्या बाजूने पकडीने ओढा, पुढून ठोकलं की तोंड फुटतं.

स्कर्टिंगच्या मागून वायर नेलेली असू शकते, त्यामुळे आधी मेन स्विच बंद. आणि हे सगळं लाकडी, एमडीएफ पट्टीसाठी आहे, सिमेंटमध्ये बसवलेल्या टाइलच्या स्कर्टिंगला मिस्त्रीच बोलवा.