फुटबॉल केंद्रात वर्ग नेताय? आधी पायांकडे बघा

पुढच्या महिन्यात आपल्या सोलापुरातल्या दोन-तीन शाळांचे वर्ग त्या फुटबॉल क्लबच्या शिक्षण केंद्रात जायचेत, आणि "बाई, तुम्ही मागे नेलं होतं ना, काय काय लागतं ते जरा लिहून द्या" हा निरोप तिसऱ्यांदा आला. लिहिते. मागच्या वर्षी सहावीचा वर्ग घेऊन गेले आणि निम्मा दिवस स्वतःच्या हाताने वाया घालवला. केंद्रवाल्यांची त्यात काही चूक नव्हती. तेव्हा जे मी विसरले ते इथे पुन्हा पुन्हा येईल. वैतागू नका.

बूट. आधी बूट, मग बाकीचं सगळं.

झालं काय, तर सूचनापत्रात मी लिहिलं होतं, "पी.टी.च्या गणवेशात यावे." माझ्या डोक्यात पी.टी.चा गणवेश म्हणजे बुटांसकट. घरोघरी त्याचा अर्थ झाला पांढरा शर्ट आणि पांढरी पँट. ३८ मुलं फाटकापाशी उतरली, तिथल्या प्रशिक्षक दादांनी कुणाच्या तोंडाकडे न बघता आधी खाली बघितलं आणि ११ जण बाजूला काढले. स्लीपर, सँडल, एकीच्या पायात ताईच्या लग्नातली मोजडी. कृत्रिम गवतावर चप्पल चालत नाही, घसरून घोटा मुरगळतो. अनवाणी खेळलं तर तळवे सोलून निघतात आणि ऊन चढल्यावर भाजतातही. दादांचं बरोबरच होतं. त्या अकरा जणांच्या हातात कागद-पेन्सिल देऊन "पास मोजा" म्हणून कडेला बसवलं. त्यातला एक दोन तास पाय मांडीखाली दाबून बसला होता. निघायच्या वेळी उठला तर पायाला मुंग्या आलेल्या, लंगडतच गाडीपर्यंत आला. गणिताच्या तासाला खिडकीबाहेर बघत बसणारी जी पोरं, ज्यांच्यासाठी मी हा सगळा खटाटोप केला होता, त्यातली बरीचशी याच अकरांत होती.

ही केंद्रं मुळात असतात कशाला, ते ध्यानात घ्या. इंग्लंडमध्ये १९९७ साली तिथल्या सरकारने 'प्लेइंग फॉर सक्सेस' नावाची योजना काढली. शाळा सुटल्यावर मुलांनी फुटबॉल क्लबच्या मैदानातल्या अभ्यासिकेत यायचं आणि वाचन, गणित, संगणक शिकायचं. वाचन-गणितात मागे पडलेली मुलं त्यांनी मुख्यतः धरली होती. अभ्यास म्हटलं की तोंड फिरवणारं पोर स्टेडियमच्या दारातून मात्र उड्या मारत आत जातं, त्यामागचा हिशेब एवढाच. आपल्याकडे नागपुरात विजय बारसे सरांनी २००१ मध्ये 'स्लम सॉकर' सुरू केलं, तेही वस्तीतल्या पोरांना चेंडूच्या निमित्ताने धरून ठेवायला. म्हणजे मैदान हा गूळ आहे. तो अकरा जणांच्या तोंडून काढून घेतल्यावर उरला नुसता स्वाध्याय, आणि तो काय, शाळेतही मिळतो.

तर बुटांचं असं करा. पंधरा दिवस आधी सुरुवात करा, आदल्या संध्याकाळी नाही. वर्गात उभं राहून "कुणाकडे बूट नाहीत, हात वर करा" हे चुकूनही विचारू नका. एकही हात वर येत नाही. त्यापेक्षा अख्ख्या वर्गाचे पाय मोजा. यंदा मी तेच केलं. जमिनीवर रद्दीचा पेपर टाकायचा, त्यावर उजवा पाय ठेवायचा, जोडीदाराने पेन्सिल उभी धरून कड गिरवायची. टाचेपासून अंगठ्यापर्यंत पट्टीने मोजून आकडा फळ्यावर. सहावीला स्तंभालेख आहेच, त्याचाही तास होऊन जातो. पहिली दहा मिनिटं गुदगुल्यांत जातात, ती धरूनच चाला. आमच्यात सगळ्यात लहान पाऊल निघालं १९ सेंटिमीटरचं, सगळ्यात मोठं साडेपंचवीसचं, आणि ते वर्गातल्या सर्वांत बुटक्या पोराचं. "काय बे, होडी हाय का?" असं मागून आलंच. पेपरच्या मागे नाव लिहायला सांगा आणि त्याखाली घरी असलेल्या बुटाचा नंबर. ज्याचा नंबर कोरा राहिला, त्याचं तुम्हाला कळलं. कुणाला उभं करायला लागलं नाही.

मग जमवाजमव. दहावी होऊन गेलेल्या मुलांचे कॅनव्हासचे बूट घरोघरी माळ्यावर पडलेले असतात. माजी विद्यार्थ्यांच्या ग्रुपवर एक निरोप टाकला, चार दिवसांत पोतं भरलं. कमी पडतील ते नवी पेठेतून घ्या, पण दुकानात सेंटिमीटर सांगत बसू नका, पावलाचा कागदच पुढे करा. थोडा मोठा बूट चालतो, पुढे कापूस कोंबता येतो. घट्ट अजिबात चालत नाही. तळ सपाट रबरी हवा, नाहीतर बारीक ठिपक्यांचा. हौसेने कुणी लांब स्टडचे, म्हणजे तळाला खुंट्या असलेले, आणले तर तेही फाटकावरच अडवतात, हे आधी सांगून ठेवा. पायमोजे हवेतच. नवे बूट असतील तर चार दिवस शाळेत घालून यायला सांगा, नाहीतर अर्ध्या तासात फोड आणि पोरगं पुन्हा कडेलाच. आणि लेस! वेल्क्रोची सवय लागलेल्या सहावीतल्या कितीतरी मुलांना लेस बांधता येत नाही, खोटं नाही सांगत. एक अर्धा तास त्यालाही द्या.

सूचनापत्रात 'गणवेश' लिहू नका. 'बूट' लिहा. खाली रेघ मारा.

तारीख नोव्हेंबर-डिसेंबरातली धरा. जानेवारीत गड्ड्याच्या, म्हणजे सिद्धेश्वराच्या यात्रेच्या, दिवसांत जाऊ नका. नंदीध्वजांच्या मिरवणुकीमुळे रस्त्यांवर गर्दी, आणि जी मुलं येतात त्यांचं चित्त होम मैदानावरच्या पाळण्यात. शिष्यवृत्तीच्या परीक्षेला बसणारा वर्ग असेल तर परीक्षेची तारीख आधी बघून घ्या. मार्चनंतरचं सोलापूरचं ऊन मी सांगायला नको, आणि कृत्रिम गवत मातीच्या मैदानापेक्षा जास्त तापतं. मैदान आधी की खोलीतला तास आधी, असं केंद्रवाले विचारतील. सकाळी ८ ला मैदान, खोलीतलं नंतर. ठासून सांगा.

परवानगी, संमतीपत्र, गाडी, प्रथमोपचाराची पेटी हे आपण करतोच. संमतीपत्रात दमा आणि फिटची एक ओळ घाला. मुलींसोबत बाई हव्यातच. केंद्रावरच्या स्वच्छतागृहाला आतून कडी आहे का ते स्वतः जाऊन बघून या. फोनवर सगळेच "आहे, आहे" म्हणतात.

आता अभ्यासाची तयारी. मुलांना कोरं नेऊ नका, हा माझा दुसरा धडा. खोलीत बसल्या बसल्या पहिला कागद हातात पडतो तो गुणतक्त्याचा. जिंकलं की ३, बरोबरीला १, हरलं तर शून्य, आणि शेवटच्या रकान्यात गोलफरक. ७ गोल मारले आणि ११ खाल्ले तर उणे ४. 'उणे चार म्हणजे नक्की काय' हे फळ्यावर समजावताना मी दोन आठवडे घसा कोरडा केला होता. तिथे एक पोरगा कागदाकडे बघत म्हणाला, "म्हणजे चार गोलांची उधारी." संपलं. पूर्णांक संख्यांचा धडा त्या एका शब्दात बसला. पण हा एकच. बाकीच्यांना तक्ता वाचायचा कसा इथपासूनच सुरुवात, कारण मी आधी दाखवलाच नव्हता, आणि तासातली वीस मिनिटं रकाने समजून घेण्यात गेली. म्हणून आठवडाभर आधी वर्गातच चार संघ करा, लंगडीचे सामने घ्या, तक्ता फळ्यावर रोज भरा. फुटबॉलच पाहिजे असं नाही.

मग मापं. नियमातला गोल ७.३२ मीटर रुंद आणि २.४४ मीटर उंच. भागायला सांगा, बरोबर ३ येतात. मूळ माप ८ यार्ड आणि ८ फूट असल्यामुळे तसं जमतं. मधल्या वर्तुळाची त्रिज्या ९.१५ मीटर, पेनल्टीचा ठिपका ११ मीटरवर. पण मुलं इथेच फसतात. केंद्राचं मैदान लहान आहे, गोलही लहान. आमच्या हुशार मंडळींनी टेप न लावताच ७.३२ लिहून कागद दिले, आणि वर "बाई, पुस्तकात तसंच आहे" हे उत्तर. तेव्हा ३० मीटरचा टेप आपला आपण न्या. क्रीडाशिक्षकांच्या कपाटात असतो, किल्ली आदल्या दिवशीच मागून घ्या. सातवीला नेत असाल तर चेंडूचा घेर दोरीने मोजून व्यास काढायचा खेळ शाळेतच घ्या. ५ नंबरच्या चेंडूचा घेर ६८ ते ७० सेंटिमीटर, ३.१४ ने भागलं की व्यास २२ च्या आसपास. २०१७ च्या 'मिशन वन मिलियन' या राज्यातल्या फुटबॉल मोहिमेच्या वेळचा एखादा चेंडू कपाटात सापडेल, त्यात हवा भरता आली तर. लहान मुलांना ४ नंबरचा चेंडू असतो, त्याचा घेर कमी भरतो. केंद्रावर कुठला देतात ते विचारून ठेवा.

भाषेचं जरा बघा. दादा हिंदी-इंग्रजीत बोलतात. पूर्व भागातल्या आपल्या मुलांच्या घरी तेलुगू, काहींच्या कन्नड, काहींच्या उर्दू. मैदानावर काही अडत नाही, 'पास दे' सगळ्यांनाच कळतं. अडतं ते खोलीत. आपण वर्षभर 'सरासरी', 'गुणोत्तर', 'शेकडेवारी' म्हणतो आणि तिथे एकदम 'ॲव्हरेज', 'रेशो', 'परसेंटेज' सुरू होतं. ज्याला गणित येतं त्यालाही वाटतं, हे काहीतरी वेगळंच आहे. दहा-बारा शब्दांच्या जोड्या वहीच्या शेवटच्या पानावर लिहून न्या.

बुटांचं झालं का? पोत्यात जास्तीचे चार-पाच जोड वेगवेगळ्या नंबरांचे हवेत. झाले असले तर पुढे वाचा.

पाणी. आपल्याकडे नळाला रोज पाणी नाही, त्या दिवशी ज्यांच्या पेठेत आलेलं नाही ती मुलं अर्धी बाटली घेऊन येतात. २० लिटरचे दोन जार गाडीत टाका. डबा कोरडा. कडक भाकरी आणि शेंगाचटणी असेल तर प्रश्नच नाही, उन्हात तिला काही होत नाही. शाळेत खिचडी शिजवणाऱ्या मावशींना आदल्या दिवशी पट सांगा. मी तेही विसरले होते, ३८ जणांची खिचडी उरली आणि मावशी आठवडाभर माझ्याशी बोलल्या नाहीत.

त्या दिवशी सकाळी गाडीच्या दारात हजेरी पायांची घ्या. नाव नंतर. ज्याच्या पायात चप्पल दिसेल त्याला तिथेच पोत्यातले बूट, गाडी सुटायच्या आत. फाटकावर नाही. तिथे सगळ्यांसमोर होतं.

केंद्रावर दोन गट करतात, दोन्हीकडे आपलं एक माणूस ठेवा. फोटो थोडे काढा. कडेला कुणी बसलं असेल तर का बसलंय ते विचारा. कागद गोळा करून परत आणा, दुसऱ्या दिवशी तपासा, आठवड्याने कुणाला काही आठवत नाही. गाडीत बसताना पुन्हा मोजा.

दिलेले बूट त्याच दिवशी परत घेऊ नका, ज्याला बसले त्याच्याकडे राहू द्या. पोत्यातले उरलेले धुवून सावलीत वाळवा, उन्हात ठेवले की सोल निघतात. आमचं पोतं कुणाला हवं असेल तर घेऊन जा. फक्त सही करून न्या आणि बुधवारच्या आत परत आणा, आमच्या सातवीला लागतंय.