दोन खोल्यांच्या होमस्टेची वेबसाइट: वर्डप्रेसवर कशी उभारावी, कशी सांभाळावी

मालवण, तारकर्ली, देवबागच्या पट्ट्यात पाहुण्यांना दोन खोल्या देणाऱ्या प्रत्येक घराची स्वतःची वेबसाइट असावी, असं मला मनापासून वाटतं. बुकिंगच्या ॲपवर आपलं घर शंभरांतलं एक असतं. स्वतःच्या पानावर पडवीपासून सोलकढीपर्यंत सगळं आपल्या शब्दांत सांगता येतं.

त्यासाठी वर्डप्रेस पुरेसं आहे. २००३ साली ब्लॉग लिहिण्यासाठी आलेलं हे मोफत सॉफ्टवेअर आता पूर्ण वेबसाइट चालवतं. ईमेल लिहिता येत असेल तर हेही जमेल.

आधी डोमेन, म्हणजे वेबसाइटचा पत्ता. तो स्वतःच्याच नावावर आणि स्वतःच्याच ईमेलवर घ्या. आमचा पत्ता एका ओळखीच्या मुलाने त्याच्या ईमेलवर घेतला होता. तो नोकरीला बाहेरगावी गेला, नूतनीकरणाची पत्रं त्याच्या जुन्या ईमेलवर येत राहिली आणि ऐन मे महिन्यात साइट बंद पडली. पाहुणे फोन करून विचारत होते, "काका, घर बंद केलंत काय?" तेव्हापासून पत्ता, पासवर्ड आणि नूतनीकरणाची तारीख घरातल्या वहीत लिहिलेली असते.

होस्टिंग, म्हणजे साइट ठेवायची इंटरनेटवरची भाड्याची जागा, घेताना पहिल्या वर्षाची सवलत पाहून भुलू नका, दुसऱ्या वर्षाचा दर विचारा. बहुतेक ठिकाणी वर्डप्रेस एका बटणावर बसतं. भाषा मराठी निवडता येते. साइटचा पत्ता https ने सुरू व्हायला हवा, म्हणजे पाहुण्याची माहिती वाटेत सुरक्षित ठेवणारं एसएसएल चालू आहे. ते बरेच जण मोफत देतात.

आता वर्डप्रेसच्या सेटिंग्जमध्ये पर्मालिंक, म्हणजे प्रत्येक पानाच्या पत्त्याची रचना, उघडून 'पोस्टचं नाव' हा पर्याय घ्या. प्रत्येक पानाचा पत्ता मात्र रोमन लिपीत छोटा ठेवा. देवनागरी पत्ता व्हॉट्सॲपवर पाठवला की टक्केचिन्हांची लांबलचक माळ होते आणि समोरचा घाबरून लिंक उघडतच नाही.

पान आणि पोस्ट यांतला फरक एकदा ओळखा. न बदलणारं ते पान: आमचं घर, जेवण आणि दर, कसं यायचं, संपर्क. 'कसं यायचं'मध्ये कुडाळ स्टेशनपासून एसटी कुठे मिळते, रिक्षा कुठून, रात्री उशिरा गाडी आली तर काय, हे सगळं लिहा. पाहुण्याची सगळ्यात मोठी काळजी तीच असते. हंगामाप्रमाणे बदलणारं पोस्टमध्ये: पावसाळ्यात सिंधुदुर्ग किल्ल्याच्या होड्या बंद असतात, १ जूनपासून यांत्रिक मासेमारीलाही बंदी असते, मग त्या दिवसांत ताटात काय असतं? आमच्याकडे सुकट, कुळथाची पिठी आणि फणसाची भाजी. असं खरं लिहिलं की पाहुणा रागावून नाही, समजून येतो.

मजकूर मोबाइलच्या मराठी कीबोर्डवर टाइप करा, तो युनिकोड, म्हणजे कुठल्याही फोनवर नीट दिसणारा, असतो. छापखान्यातून आलेल्या पत्रकातला मजकूर जुन्या फॉन्टमधला असेल तर चिकटवल्यावर अगम्य अक्षरं दिसतात आणि शोधातही तो सापडत नाही.

फोटो चढवण्याआधी लहान करा. रुंदी १२०० पिक्सेल, वजन दोनशे केबीच्या आत. घाटात एक काडी रेंज असलेल्या माणसाला पान उघडलं पाहिजे. फोन नंबराला लिंक द्या आणि स्वतःच्या मोबाइलवर त्यावर बोट ठेवून पाहा, फोन लागतो का.

खरं काम यापुढे आहे. महिन्यातून एकदा डॅशबोर्ड, म्हणजे वर्डप्रेसचं आतलं कामाचं पान, उघडा, आधी बॅकअप, म्हणजे साइटची पूर्ण प्रत, घ्या, मग वर्डप्रेस, थीम (साइटचं रूप) आणि प्लगिन (जोडलेल्या जादा सोयी) अपडेट करा. वापरात नसलेलं प्लगिन काढूनच टाका, जुन्या प्लगिनांतून चोर शिरतात. बॅकअपची एक प्रत साइटबाहेर, गुगल ड्राइव्हवर किंवा पेनड्राइव्हवर हवी.

आणि आगोटीची, म्हणजे पावसाळ्याआधीची साठवणीची, खरेदी करता त्याच आठवड्यात हे सगळं एकदा नीट उरकून घ्या. पाऊस लागला की वीज आणि नेट कधी जाईल, सांगता येत नाही. त्याच बैठकीत मे महिन्याचे दर उतरवून पावसाळ्याचे दर चढवा.