आधी माध्यम ठरवा, मग जिवाणू

माझ्याकडे जिवाणूंच्या चयापचयाचं संगणकी मॉडेलिंग शिकायला येणाऱ्या एम.एस्सी.च्या मुलांना पहिल्याच दिवशी आतड्यातल्या शेकडो जाती हव्या असतात. मी दोनच देते. दोन्ही ई. कोलाय या एकाच जिवाणूच्या प्रती.

पायथॉनमध्ये कोब्रापाय (अशी मॉडेलं सोडवणारं सॉफ्टवेअर) टाका, ई. कोलायचं छोटं 'कोअर' मॉडेल उघडा. ९५ अभिक्रिया, ७२ चयापचयद्रव्यं. जुना लॅपटॉपही पुरतो. ग्लुकोजच्या शोषणाची मर्यादा १० ठेवा (एकक: मिलिमोल, दर ग्रॅम कोरड्या वजनाला, दर तासाला). वाढीचा दर तासाला ०.८७ येईल. आता ऑक्सिजन शून्य करा: ०.२१. जनुकं तीच, फक्त माध्यम, म्हणजे भोवतालचं अन्न-हवा, बदललं. बाहेर काय पडतंय तेही बघा: फॉर्मेट, अ‍ॅसिटेट, इथेनॉल.

मग दुसरी प्रत घ्या. तिचं ग्लुकोज बंद, अ‍ॅसिटेट आणि ऑक्सिजन चालू. पहिलीचा ऑक्सिजन १० वर अडवा, म्हणजे तिच्यातून अ‍ॅसिटेट गळेल. २२ पर्यंत मोकळा सोडलात तर काहीच गळणार नाही. पहिलीचं उष्टं दुसरीच्या ताटात! हे नुसतं कागदावरचं नाही. ग्लुकोजवर वाढवलेल्या एकाच वंशाच्या ई. कोलायमधून अ‍ॅसिटेट खाणारे प्रकार उपजल्याचं १९९४ साली प्रसिद्ध झालंय.

खरं काम पुढे आहे, मॉडेलमध्ये वेळ आणण्याचं. सुरुवातीची ग्लुकोजची संहती (दर लिटरमध्ये किती) आणि दोघींचं दर लिटरमागचं वजन लिहा. दर ०.०५ तासाला संहतीवरून शोषणाची मर्यादा काढा, दोन्ही मॉडेलं सोडवा, आणि खाल्लेलं-टाकलेलं त्याच सामायिक माध्यमात वजा-अधिक करा. प्रवाहाला (खाण्या-टाकण्याच्या दराला) वजनानं आणि वेळेनं गुणायला विसरू नका. शिवाय शोषणाला आणखी एक लगाम हवा: संहती भागिले (वजन गुणिले वेळ). तो नसेल तर ग्लुकोज उणे होतं, आणि आलेख मात्र दिसायला छान येतो. म्हणूनच तो धोक्याचा.

अन्न संपत आलं की 'इन्फीझिबल' असा संदेश येईल. घाबरू नका, मॉडेल बिघडलेलं नाही. पेशीला नुसतं जगायला ८.३९ (एकक तेच) एवढं एटीपी, म्हणजे पेशीचं ऊर्जेचं चलन, लागतं, ही अट मॉडेलमध्येच आहे. तेवढंही निघेना की उत्तरच उरत नाही. त्या पायरीला वाढ शून्य धरा. अट काढून टाकू नका, उपाशी पेशी फुकट जगायला लागतील. अ‍ॅसिटेटवाल्या प्रतीचा ऑक्सिजन बंद केलात तरी हाच संदेश दिसेल.

पेट्री डिशवरचं पसरणं हवं असेल तर बोस्टन विद्यापीठात सुरू झालेलं कॉमेट्स हे सॉफ्टवेअर वापरा, पण नंतर. आधी वेळेची पायरी अर्धी करून सगळं पुन्हा चालवा. आलेख हलला, तर पायरी अजून मोठी आहे.