क्रूझवरून बंदरावर उतरताय? दिवसाचा हिशेब शेवटाकडून मांडा

क्रूझच्या कार्यक्रमपत्रिकेत 'रोम, 7:00 ते 19:00' असं छापलेलं असतं आणि पहिल्यांदाच निघालेला प्रवासी मनात बारा तासांचं रोम रंगवू लागतो. पण जहाज रोमला लागतच नाही. ते लागतं चिविटावेक्किया नावाच्या बंदराला आणि तिथून रोम 70 ते 80 किलोमीटर लांब. शिवाय ते बारा तास जहाजाचे असतात. तुमच्या वाट्याला येतात जेमतेम पाच. ते पाच कसे शोधायचे आणि कसे वापरायचे, हे बार्सिलोना, मार्सेल, लिव्होर्नो, चिविटावेक्किया, नेपल्स या भूमध्य समुद्रातल्या नेहमीच्या मार्गावरून पाहू. हिशेबाची रीत कुठल्याही बंदराला लागू पडते.

1. घरूनच: बंदर, वार, व्हिसा

आधी बंदराचं खरं नाव शोधा आणि नकाशावर अंतर मोजा. 'फ्लोरेन्स/पिसा' म्हणजे लिव्होर्नो. तिथून रेल्वेने पिसा 15-20 मिनिटांवर, पण फ्लोरेन्स जवळपास दीड तासावर. मार्सेलचा क्रूझ धक्का जुन्या बंदरापासून बराच दूर आहे, चालत जाता येत नाही. नेपल्सला मात्र उतरलं की समोर शहरच. आपल्याकडेही मुंबईहून सुटणारी क्रूझ 'गोवा' म्हणते तेव्हा ती मुरगावला लागते. पणजी तिथून सुमारे 30 किलोमीटर.

मग वार बघा. व्हॅटिकन म्युझियम्स रविवारी बंद असतात, अपवाद महिन्याच्या शेवटच्या रविवारचा. फ्लोरेन्समधलं उफिझी कलासंग्रहालय आणि मायकेलअँजेलोचा डेव्हिड जिथे आहे ते अकादमिया सोमवारी बंद. बुधवारी सकाळी पोपची जाहीर सभा असली की व्हॅटिकनच्या सेंट पीटर्स बॅसिलिका या चर्चमध्ये दुपारपर्यंत प्रवेश मिळत नाही. कोलोसियमचं तिकीट ठरलेल्या वेळेचं आणि नावानिशी असतं. नेपल्सजवळच्या पॉम्पेईच्या प्राचीन अवशेषांतही तिकिटावर नाव येतं आणि दिवसाला 20,000 माणसांची मर्यादा आहे. 'तिथे गेल्यावर बघू' इथे चालत नाही.

भारतीय पासपोर्ट असेल तर शेंगेन व्हिसा (युरोपातल्या बऱ्याच देशांना मिळून चालणारा एकच व्हिसा) मल्टिपल एंट्रीचाच मागा. वाटेत ट्युनिशियाचं ला गुलेत किंवा माँटेनेग्रोचं कोटोर असेल तर तुम्ही शेंगेनबाहेर जाऊन परत येता. सिंगल एंट्रीवर ते जमत नाही. क्रोएशिया मात्र 1 जानेवारी 2023 पासून शेंगेनमध्ये आहे, जुन्या याद्यांवर विसंबू नका.

2. हिशेब उलटा मांडा

हा या लेखाचा गाभा आहे, म्हणून चिविटावेक्कियाचा अख्खा दिवस मांडतो.

जहाज 19:00 ला सुटणार. सगळ्यांनी जहाजावर परतायची वेळ, म्हणजे 'ऑल अबोर्ड', साधारण अर्धा तास आधी असते, काही कंपन्यांत एक तास. आपण 18:30 धरू. भिस्त रेल्वेवर असेल तेव्हा त्याच्याही दीड तास आधी पोहोचायचं ठरवा, म्हणजे 17:00. (शहर बंदराला लागूनच असेल तर एवढी सवड लागत नाही, पाऊण तास पुरतो.) स्टेशनापासून जहाजापर्यंत बस, बंदराची शटल आणि सामानाची तपासणी मिळून 45 मिनिटं धरा. म्हणजे चिविटावेक्किया स्टेशनात 16:15 ला उतरायचं. रोमा टर्मिनी या रोमच्या मुख्य स्टेशनाहून साध्या रिजनल गाडीला सव्वा तास लागतो, म्हणजे गाडी 15:00 ची. टर्मिनीत या गाड्या 25 ते 30 क्रमांकाच्या फलाटांवरून सुटतात. ते मुख्य हॉलपासून चांगले दहा मिनिटं चालण्याइतके आत आहेत, आणि नेमकं इथेच लोक गाडी चुकवतात. टर्मिनीत 14:40 ला हजर राहा.

आता सकाळ. जहाज 7:00 ला धक्क्याला लागलं तरी स्थानिक अधिकाऱ्यांची परवानगी येईपर्यंत खाली सोडत नाहीत. 7:30 च्या सुमारास गँगवे (जहाजातून उतरायचा जिना) उघडतो असं धरा. बंदराच्या मोफत शटलने लार्गो देल्ला पाचे या थांब्यापर्यंत, पुढे तिकीट काढून बसने किंवा 20-25 मिनिटं चालत स्टेशनवर. 8:40 च्या आसपासची गाडी मिळाली तर रोमा सान पिएत्रोला साडेनऊ. इथेच उतरायचं, टर्मिनीपर्यंत जाऊ नका, कारण सेंट पीटर्सचा चौक सान पिएत्रो स्टेशनपासून 10-15 मिनिटांच्या चालीवर आहे.

9:30 ते 14:40. हे तुमचे पाच तास. यात बॅसिलिका रांगेसकट दोन तास, मग चालत पियाझ्झा नव्होना, पँथिऑन, ट्रेव्ही कारंजं, कुठेतरी पिझ्झाचा तुकडा आणि बार्बेरिनीहून मेट्रोने दोन थांबे टर्मिनी, एवढं आरामात बसतं. व्हॅटिकन म्युझियम्स आणि कोलोसियम दोन्ही बसत नाहीत. कुठलं तरी एक निवडा. कोलोसियम निवडलं तर सकाळी थेट टर्मिनीला जाऊन मेट्रोची बी लाइन घ्या. 'रोम एका दिवसात' अशा याद्या मुक्कामाला आलेल्यांसाठी असतात.

बॅसिलिकात खांदे आणि गुडघे झाकलेले लागतात. उन्हाळ्यात शॉर्ट्स घालून आलेल्यांना दारावरूनच परत पाठवतात, म्हणून पिशवीत एक ओढणी असू द्या.

गाडीचं कागदी तिकीट असेल तर चढण्याआधी फलाटावरच्या यंत्रात त्यावर छाप उठवून घ्यावी लागते. मोबाइलवरच्या रिजनल तिकिटाला चढण्याआधी चेक-इन करावं लागतं. हे विसरलं तर तिकीट असूनही दंड बसतो. आणि संपाची तारीख आदल्या आठवड्यात नक्की तपासा. इटलीत रेल्वेचे संप आधी जाहीर होतात आणि कामाच्या दिवशी 6 ते 9 आणि 18 ते 21 या वेळांतच रिजनल गाड्यांची हमी असते. म्हणजे सकाळी छान जाता येतं आणि दुपारी परतायला गाडी नाही. अशा दिवशी रेल्वेचा बेत सरळ रद्द करा.

3. जहाजाची सहल की स्वतःच्या हिमतीवर?

जहाजाची शोअर एक्सकर्शन महाग असते, ग्रुपच्या चालीने चालावं लागतं, मध्येच चामड्याच्या दुकानात थांबवलं तर तेही सोसावं लागतं. तिच्यात एकच गोष्ट पैसे मोजण्यासारखी आहे: ती बस रस्त्यात अडकली तर जहाज थांबतं, नाहीतर कंपनी तुम्हाला पुढच्या बंदराला पोहोचवते. बाहेरच्या ऑपरेटरच्या 'वेळेत परत, हमखास'मध्ये ही हमी नसते. तो फार तर भरपाई देईल, जहाज काही थांबवू शकत नाही.

नेपल्स आणि बार्सिलोनाला स्वतःच फिरा. लांबच्या रोम आणि फ्लोरेन्सला पहिल्या खेपेला मधला मार्ग बरा: बरीच जहाजं नुसती जाण्या-येण्याची बस विकतात, गाइडशिवाय. हमी मिळते आणि शहरात मोकळं फिरता येतं.

निर्णयाआधी पुढचं बंदरही बघा, हे फार कमी लोक करतात. रोमला जहाज चुकलं आणि पुढचं बंदर नेपल्स असेल तर वेगवान गाडीने रोम ते नेपल्स सव्वा तासाच्या आत होतं. सकाळी धक्क्यावर जहाजाची वाट बघत उभे राहाल. तेच पुढचं बंदर ट्युनिशिया असेल तर विमान, व्हिसा आणि हजारो रुपयांचा प्रश्न येतो. अशा दिवशी धोका पत्करू नका.

4. आदल्या रात्री

केबिनमध्ये येणाऱ्या दैनिक पत्रकाचा मोबाइलवर फोटो काढा. त्यात ऑल अबोर्डची वेळ, धक्का आणि पोर्ट एजंटचा (क्रूझ कंपनीच्या बंदरावरच्या प्रतिनिधीचा) फोन नंबर असतो. 'घड्याळ एक तास पुढे' अशी सूचना आहे का तेही वाचा. ग्रीसचं घड्याळ इटलीच्या एक तास पुढे असतं. मोबाइल आपोआप स्थानिक वेळ दाखवतो, पण जहाज कधीकधी स्वतःचीच वेळ धरून चालतं. मनगटी घड्याळ जहाजाच्या वेळेला लावा आणि दिवसभर तेच बघा.

समुद्रात असताना फोन एअरप्लेन मोडवर ठेवा. जहाजाचं मोबाइल नेटवर्क पकडलं तर बिल बघून सहलीची मजा जाते. जमिनीवर पाय टेकल्यावर डेटा चालू करा.

सोबत क्रूझ कार्ड, ओळखपत्र, पासपोर्टच्या पानांची प्रत, दोन ठिकाणी विभागलेले पैसे आणि रिकामी बाटली घ्या. रोममध्ये रस्तोरस्ती पिण्याच्या पाण्याचे नळ आहेत, विकतचं पाणी घ्यायचं कारण नाही. बुफेतली फळं आणि सँडविच पिशवीत भरू नका; बऱ्याच बंदरांत ती उतरवायला बंदी असते.

रोममधली गर्दीची 64 नंबरची बस आणि नेपल्सहून पॉम्पेईला जाणारी चिर्कुमवेझुव्हियाना गाडी खिसेकापूंसाठी प्रसिद्ध आहेत. पाकीट पुढच्या खिशात ठेवा, पाठीवरची सॅक पोटावर घ्या.

5. जहाज धक्क्याला लागत नसेल तर

पत्रकात 'टेंडर' शब्द दिसला की वरचा सगळा हिशेब बदलतो. जहाज खोल पाण्यात उभं राहतं आणि लहान बोटींनी किनाऱ्यावर नेतात, गेटवेच्या लाँचसारखं. बोटीसाठी नंबर घ्यावा लागतो, जहाजाच्या सहलीवाल्यांना आधी सोडतात, आणि समुद्र खवळला तर थांबा रद्दच होतो. येता-जाता मिळून दीड तास बाजूला काढा.

सगळ्यात अडचणीचं बंदर म्हणजे ग्रीसचं सँतोरिनी बेट. बोट फिरा या गावाच्या खालच्या जुन्या बंदरात सोडते आणि गाव वर कड्यावर. केबल कार, नाहीतर जवळपास 600 पायऱ्या, ज्यावरून खेचरंही येत-जात असतात. दुपारनंतर चार-चार जहाजांचे प्रवासी एकाच वेळी खाली उतरायला निघतात आणि केबल कारची रांग तासाभरापेक्षा लांबते. इथे हिशेब शेवटच्या बोटीच्या वेळेवरून मांडा, जहाज सुटण्याच्या वेळेवरून नाही, आणि फिरातून दोन तास आधी खाली निघा. गुडघे धड असतील तर उतरताना पायऱ्या बऱ्या, फक्त बूट घसरणारे नकोत.

6. उशीर होतोय असं दिसलं तर

जहाज डोळ्यांसमोरून जाईपर्यंत थांबू नका. उशीर नक्की झाला की लगेच पोर्ट एजंटला फोन करा; नाव, केबिन नंबर आणि तुम्ही कुठे आहात ते सांगा. दहा-पंधरा मिनिटांचा प्रश्न असेल तर कधी गँगवे थोडा वेळ ठेवतातही, पण त्यावर विसंबू नका. जहाज निघायच्या आत कर्मचारी सहसा केबिनच्या तिजोरीतून पासपोर्ट काढून एजंटकडे ठेवतात. धक्क्यावर आधी त्याच्याकडे जा. पुढच्या बंदरापर्यंतचा खर्च तुमचाच, आणि तिथे जहाजावर चढायला पासपोर्ट लागतोच.