गावच्या गायकाची कॅसेट संगणकावर कशी उतरवावी

झाडीपट्टीत (पूर्व विदर्भात) एकच गळा दंडार या लोकनाट्यातली गाणी, खंजिरी भजन, भीमगीतं तितक्याच ताकदीनं गायचा. अशा कित्येकांचा आवाज आता एखाद्याच कॅसेटवर उरलाय.

आधी कॅसेटच्या कडेचे प्लास्टिकचे दोन्ही कान मोडा, म्हणजे चुकून पुसली जाणार नाही. टिनाच्या छपराखाली उन्हाळा काढलेल्या कॅसेटचा प्लास्टिकचा खोका वाकतो आणि रीळ अडते. मग रीळ स्क्रूच्या दुसऱ्या खोक्यात घाला. फितीला हेडवर दाबणारी स्पंजची गादी गळाली असेल तरी हाच उपाय, नाहीतर आवाज दबका येतो. डेकचं (कॅसेट वाजवणाऱ्या यंत्राचं) हेड, म्हणजे फीत वाचणारा भाग, आयसोप्रोपिल अल्कोहोलनं पुसा.

खरी मेख हेडचा कोन बदलणाऱ्या शेजारच्या स्क्रूत आहे. कॅसेट वाजवत, टाळांकडे कान देऊन तो अगदी थोडा-थोडा फिरवा. टाळ सर्वांत लख्ख वाजले की थांबा. हे टाळू नका, सगळी चमक इथंच जाते.

डेकच्या लाइन-आउटमधून वायर यूएसबी ऑडिओ इंटरफेसला (आवाज संगणकात नेणाऱ्या डबीला) जोडा. रेकॉर्डिंग ४८ किलोहर्ट्झ, २४ बिट, वेव्ह (WAV) फाइलमध्ये करा. तासाला साधारण १ जीबी. सर्वांत मोठा आवाज उणे ६ डेसिबलच्या वर जाऊ देऊ नका, फाटलेला सूर परत जुळत नाही. मूळ फाइलवर खरखर काढू नका, तिच्यासोबत खंजिरीची झांजही जाते. फाइलच्या नावात गायक, साथीदार, गाव लिहा. दोन प्रती दोन घरी ठेवा.