कुत्र्यावर स्कंकने फवारा मारला तर

अमेरिकेत राहणाऱ्या कुत्रेवाल्यांसाठी. रात्री मागच्या अंगणात सोडलेला कुत्रा स्कंकची (घाण वासाचा द्रव उडवणारा काळा-पांढरा छोटा प्राणी) पिचकारी अंगावर घेऊन आला, तर त्याला घरात घेऊ नका आणि लगेच नळाखालीही धरू नका. टोमॅटोच्या रसावर पैसे घालवू नका. वास फक्त झाकला जातो, जात नाही.

१. आधी डोळे साध्या पाण्याने नीट धुवा.
२. हातमोजे घाला. उघड्या बादलीत १ लिटर ३ टक्क्यांचं हायड्रोजन पेरॉक्साइड, पाव कप खाण्याचा सोडा आणि १-२ चमचे भांडी घासायचा लिक्विड साबण मिसळा.
३. फेस येत असतानाच कोरड्या केसांत मुळापर्यंत चोळा. चेहऱ्यावर ओतू नका, फडक्याने जपून पुसा.
४. ५ मिनिटांनी भरपूर पाण्याने धुवा. वास उरला तर नवं मिश्रण करून पुन्हा लावा.

काळ्या कुत्र्याचे केस थोडे भुरे होऊ शकतात, ते चालेल. पण उरलेलं मिश्रण बाटलीत भरून ठेवू नका, बाटली फुटते.

अंगावर चावा किंवा ओरखडा दिसला तर रेबीजची लस दिलेली असली तरी त्याच दिवशी पशुवैद्याकडे न्या, कारण स्कंक रेबीज पसरवतात. पुढचे काही दिवस हिरड्यांकडेही लक्ष असू द्या. त्या फिक्या पडल्या, कुत्रा मलूल झाला किंवा लघवी गडद झाली, तर सकाळची वाट पाहू नका. असं क्वचितच होतं, पण फवाऱ्यातल्या द्रव्याने रक्तातल्या लाल पेशी फुटू शकतात.