वसंतातल्या ताज्या भाज्या-फळं घेताना आणि घरी ठेवताना या चुका टाळा

मागच्या सीझनला मी स्ट्रॉबेरीचे दोन डबे आणले, घरी आल्या आल्या धुतले, वरवर निथळवले आणि त्याच डब्यांत परत भरून फ्रिजमध्ये ढकलले, म्हटलं आता आठवडाभर बघायला नको. तिसऱ्या दिवशी झाकण उघडलं तर मधल्या तीन फळांना करडी लव फुटलेली आणि त्यांना चिकटून बसलेली बाकीची खालून पाणी सोडून लिबलिबीत झालेली. दोन्ही डबे मिळून सात-आठ फळं वाचली असतील. विकणाऱ्याची काही चूक नव्हती, माल चांगलाच होता, घोळ मीच घातला.

कांदे, बटाटे, भोपळा हे टिकायलाच बनलेले असतात, झाडानेच ते पुढच्या दिवसांसाठी साठवून ठेवलेलं असतं, त्यामुळे कोपऱ्यात टोपली ठेवली आणि विसरलं तरी चालतं. वसंतातला माल तसा नसतो. ॲस्पॅरॅगस म्हणजे जमिनीतून नुकता वर आलेला कोंब, मटार म्हणजे अर्धवट भरलेलं बी, पालक म्हणजे निव्वळ पान, आणि स्ट्रॉबेरीत तर ९१ टक्के पाणीच. ही सगळी मंडळी तोडल्यावरही जोरात श्वास घेत असतात, आपल्याच आतली साखर जाळत असतात, आणि आपण मात्र त्यांना भोपळ्यासारखं वागवतो. खालच्या बहुतेक चुका इथूनच सुरू होतात.

पहिला माल दिसला की तुटून पडणं

काही महिने तेच तेच खाऊन कंटाळा आलेला असतो, त्यात लालचुटुक काहीतरी दिसलं की हात आपोआप पाकिटाकडे जातो, कळतं हो. पण सीझनच्या अगदी सुरुवातीला जे येतं त्यातलं बरंचसं ग्रीनहाऊसमधलं किंवा लांबून आलेलं असतं, प्रवासात टिकावं म्हणून जरा लवकर तोडलेलं, आणि महाग तर असतंच. दोन-तीन आठवडे थांबलात तर तीच गोष्ट जवळच्या शेतातून येते, ढिगाने येते, भाव उतरतो आणि चवही येते. बाजारात एकाच गोष्टीचे ढीग चार-पाच जणांकडे दिसायला लागले की समजायचं आता खरा सीझन सुरू झाला. (उत्तर गोलार्धात हे ढोबळमानाने मार्च ते मे, दक्षिणेत सप्टेंबर ते नोव्हेंबर.)

मोठं म्हणजे चांगलं असं समजणं

मटाराची टम्म फुगलेली, फिकट पडलेली, सालीवर जाळी दिसणारी शेंग म्हणजे आत निबर, पिठूळ दाणे. मुळ्याचा मोठा गड्डा बऱ्याचदा आतून पोकळ नाहीतर भुसभुशीत निघतो. शेंग हिरवीगार, चकचकीत हवी, दोन शेंगा एकमेकींवर घासल्या की करकर आवाज यायला हवा, आणि विकणारा ओळखीचा असेल तर एक शेंग सोलून दाणा तोंडात टाकून बघावा, गोड लागला तर घ्या, पीठ लागलं तर पुढे चला. एवढं केलंत तरी निम्मी फसवणूक टळते.

ॲस्पॅरॅगसला मात्र हा नियम लागू नाही, आणि इथे लोक उलटीच चूक करतात. बारीक काड्या म्हणजे कोवळ्या असं धरून जाड काड्या बाजूला सारतात. कोंब वाढताना उंच होतो, जाड होत नाही, जाडी ठरते ती झाडाच्या वयावर आणि जातीवर. त्यामुळे जाड काडीसुद्धा छान रसरशीत असू शकते आणि बारीक काडी दोरीसारखी निघू शकते. बघायचं ते टोक. ते घट्ट मिटलेलं हवं, उकलायला लागलेलं नको. मग जुडी उलटी करून कापलेली बाजू बघा, वाळून चिरा पडल्या असतील तर ती बरेच दिवस पडून आहे. आणि रबराखाली दाबल्या गेलेल्या मधल्या टोकांचा वास घ्या, तिथे ओल साचून सड लागलेली असते आणि बाहेरून जुडी एकदम टवटवीत दिसते. मी दोनदा फसलेय यात, आता भर बाजारात नाक लावून वास घेते, लोक बघतात तर बघू देत.

मटार आणून "उद्या सोलू" म्हणणं

मटाराचा दाणा तोडल्या क्षणापासून आपल्या साखरेचं स्टार्च करत सुटतो, आणि उबेला हे इतकं भराभर होतं की सकाळी गोड लागलेला मटार ओट्यावर तसाच पडला तर संध्याकाळी फरक कळतो. थंडीत हा वेग कमी होतो. म्हणून आणल्या आणल्या शेंगांसकट फ्रिजमध्ये, आणि सोलायचे ते शिजवायच्या आधी, कारण साल आहे तोवर दाणा सुकत नाही. लगेच करायचे नसतील तर सरळ फ्रीझ करा, त्याची रीत शेवटी सांगते. आणि हो, अंदाज चुकवू नका, १ किलो शेंगांतून साधारण ४०० ग्रॅमच दाणे निघतात, चार माणसांना अर्धा किलो शेंगा आणून मग वाटीत बघत बसू नका.

धुऊन ठेवणं

माझ्या स्ट्रॉबेरीची गोष्ट हीच. बुरशीचे कण फळावर आधीपासून असतातच, त्यांना ओल मिळाली की झालं. म्हणून स्ट्रॉबेरी धुवायची ती खायच्या आधी, आणि देठ काढायचं ते धुतल्यावर, आधी काढलं तर त्या भोकातून आत पाणी जातं आणि चव पाणचट होते. घरी आणल्यावर डबा ताटात ओता, मऊ पडलेली, ठेचलेली फळं वेगळी काढा (ती लगेच खाऊन टाका), लव आलेलं असेल ते फेका, आणि उरलेली कागद अंथरून एका थरात ठेवा. दोन-तीन दिवस आरामात जातात. डबा विकत घेतानाही उचलून खालून बघायचा, तळाच्या कागदावर लाल डाग पडला असेल तर खालचा थर गेलेला आहे, वरची आरास कितीही सुंदर असो.

पालेभाज्यांचं पण तेच. वेळेअभावी आधीच धुऊन ठेवायच्या असतील तर पूर्ण कोरड्या करा, म्हणजे खरंच कोरड्या, आणि डब्यात वर-खाली कोरडा कागद किंवा सुती फडकं घाला. कागद ओला झाला की बदला.

पाला तसाच ठेवणं

मुळा, गाजर, बीट पाल्यासकट घेणं बरोबर आहे, कारण पाला टवटवीत असेल तर माल ताजा हे नक्की. पण घरी आल्यावर पाला कापायचाच, पानं मुळातलं पाणी ओढून घेतात आणि दोन दिवसांत गाजर रबरासारखं वाकतं. पाला टाकू नका, तो वेगळा ठेवून एक-दोन दिवसांत भाजीत, सूपमध्ये वापरा. अपवाद रुबार्बचा (जाड, आंबट दांड्यांची एक भाजी), त्याची फक्त दांडी खायची, पानांत ऑक्झॅलिक ॲसिड भरपूर असतं आणि ती विषारी असतात, सरळ फेकायची.

सगळं एकाच ड्रॉवरमध्ये कोंबणं

सफरचंद, केळी, पिकलेले टोमॅटो इथिलीन नावाचा वायू सोडतात, त्याने पालेभाज्या पिवळ्या पडतात आणि गाजर चक्क कडू होतं. गाजर कडू लागलं की आपण शेतकऱ्याला नावं ठेवतो आणि शेजारी सफरचंदं ठेवलेली विसरतो. फळं एका बाजूला, भाज्या दुसऱ्या, एवढं पुरे. ॲस्पॅरॅगसची बुडं अर्धा सेंटीमीटर कापून, ग्लासात दोन-तीन सेंटीमीटर पाणी घेऊन त्यात उभा ठेवा, वरून सैलसर पिशवी घाला आणि ग्लास फ्रिजमध्ये. कोथिंबीर, पुदिनाही असाच राहतो. बेझिल (पास्त्यात घालतात ती गोडसर वासाची तुळस) मात्र फ्रिजमध्ये काळी पडते, तिला बाहेरच पाण्यात ठेवायचं.

न पिकणाऱ्या फळाची वाट बघणं

स्ट्रॉबेरी आणि चेरी तोडल्यावर गोड होत नाहीत, बस. देठाशी पांढरी राहिलेली स्ट्रॉबेरी दोन दिवसांनी थोडी लाल दिसेल पण गोडी तेवढीच राहील, म्हणून रंगापेक्षा वासावर घ्या, पिकलेली असेल तर हातभरावरून वास येतो. ॲप्रिकॉटचं वेगळं, ते तोडल्यावरही मऊ होतं, बाहेर कागदी पिशवीत ठेवा आणि मऊ झालं की मग फ्रिजमध्ये. चेरी देठासकट घ्या आणि थेट फ्रिजमध्ये टाका.

नवे बटाटे जुन्यासारखे ठेवणं

बोटाने घासलं तरी साल निघते तो नवा बटाटा. ती पातळ साल पाणी अडवत नाही, त्यामुळे महिनाभराचा साठा करू नका, आठवड्यात संपेल एवढेच घ्या आणि अंधारात ठेवा. उजेडात हिरवे पडले तर तिथे सोलानिन हे विषारी द्रव्य वाढल्याची शक्यता असते आणि ते उकडून जात नाही, हिरवा भाग जाडसर कापून टाका, खूपच हिरवा किंवा कडू असेल तर अख्खा बटाटा.

शिजवताना जीव काढणं

कोवळ्या भाजीला वेळ लागत नाही हे हाताला पटतच नाही. ताजा मटार उकळत्या पाण्यात दोन-तीन मिनिटं, बास. हिरवा रंग जाऊन शेवाळी कळा येते ती दोन कारणांनी, एकतर जास्त वेळ शिजवल्याने आणि दुसरं लिंबू किंवा आंबट काही आधीच घातल्याने, आम्लामुळे क्लोरोफिलचा रंग बदलतो. लिंबू शेवटी, ताटात वाढताना पिळा. भरपूर पाणी उकळवा, झाकण ठेवू नका. सोडा घालून हिरवा रंग राखायची आयडिया पण नको, रंग राहतो आणि भाजीचा लगदा होतो.

बिघडलंच असेल तर

पालक, लेट्यूस, कोथिंबिरीने मान टाकली असेल तर बुडं कापून बर्फाच्या पाण्यात १५-२० मिनिटं बुडवा, बहुतेक वेळा उठून बसते, कारण ती मेलेली नसते, तहानलेली असते. वाकलेलं गाजर, मुळा यांनाही हेच, फक्त वेळ जास्त द्या. पण पान चिकट, बुळबुळीत झालं आणि वास आला तर तिथे काही उपाय नाही.

मटार पिठूळ निघाला तर अख्खा खायचा हट्ट सोडा, शिजवून वाटा आणि सूप करा, पिठूळपणा तिथे उलट कामाला येतो. ॲस्पॅरॅगस खाली चिवट लागत असेल तर खालची दोन-तीन इंच साल सोलाण्याने काढा, आतला गाभा मऊच असतो, उगाच अर्धी काडी मोडून टाकू नका. स्ट्रॉबेरी फिकी निघाली तर काप करून चमचाभर साखर घालून अर्धा तास ठेवा, स्वतःचाच रस सुटतो. एखाद्या फळावर लव दिसली तर ते फळ आणि त्याला टेकलेली फेका, मऊ फळात बुरशी दिसते त्याहून खोल गेलेली असते, तेवढाच भाग कापून खायची काटकसर इथे नको. मुळा फार झणझणीत लागला तर मीठ लावून ठेवा किंवा सरळ शिजवा, तिखटपणा उतरतो.

आणि फारच आणलं असेल तर फ्रीझर. मटार दीड-दोन मिनिटं उकळत्या पाण्यात, लगेच बर्फाच्या पाण्यात, कोरडे करून ट्रेवर पसरून गोठवायचे आणि मग पिशवीत भरायचे, नाहीतर त्यांचा दगड होतो. उकळत्या पाण्याची पायरी टाळलीत तर एन्झाइम आत काम करत राहतात आणि दोन-तीन महिन्यांत चव गवतासारखी होते. स्ट्रॉबेरीला उकळणं नको, धुऊन, कोरडी करून, देठ काढून तशीच गोठवा, वितळल्यावर ती मऊ पडते त्यामुळे ती फक्त स्मूदी नाहीतर जॅमसाठी. पिशवीवर तारीख लिहा. मी लिहीत नाही आणि मग दर वेळी फ्रीझरपुढे उभी राहून हे या वर्षीचं की गेल्या वर्षीचं याचा अंदाज बांधत बसते.